कळतं, पण वळत नाही: विचार, भावना आणि कृती यांच्या चक्रात शिरायचं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २६, गाव लातूरकडचं, चार वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी. प्री निघते, मेन्स दोनदा अडली. दोन महिने अभ्यासिकेत जाणं बंद. एका समुपदेशकांकडे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं या दोन्हींवर काम करणारा मानसोपचार, सुरू आहे. मनात आलेले विचार आणि भावना टिपायची वही नेमाने लिहून होते. ‘सगळे मला हसतात’ हे खरं नाही, हे वहीत पटतं. पण अभ्यासिकेच्या जिन्याशी आलं की छाती धडधडतेच आणि पाय मागे वळतात. घरून आलेला फोनही उचलला जात नाही. मग विचार बदलून उपयोग काय? आणि मुळात आधी काय येतं, विचार की भावना?

शेवटचा प्रश्न आधी घेते. कधी विचार आधी येतो, कधी भावना, कधी कृती. रात्रभर डास चावले, झोप झाली नाही, की सकाळी चिडचिड आधीच हजर असते आणि ‘या रूमवर कुणाला माझी पर्वा नाही’ हा विचार तिच्या मागून येतो. रविवार दुपारी तीनपर्यंत लोळून काढला, तर सुरुवात कृतीपासून झाली, खरं तर काहीच न करण्यापासून. अंग जड झालं, मन उतरलं आणि मग ‘मी वाया गेलो’ आलं. जिन्याशी मात्र विचार आणि धडधड इतक्या लागोपाठ येतात की पहिला नंबर कुणाचा, हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि मलाही नाही. उपचारासाठी ते ठरवायची गरजही नसते. सीबीटीचं म्हणणं इतकंच की विचार, भावना आणि कृती हे तिघं एकमेकांना सतत ढकलत असतात, शरीर हा त्यांच्यातला चौथा गडी असतो आणि यांतल्या कुठल्याही टोकाने आत शिरता येतं. ‘विचार बदला, भावना आपोआप बदलेल’ असं जे सुटसुटीत सूत्र सगळीकडे फिरत असतं ते अर्धंच आहे. तुमची गाडी राहिलेल्या अर्ध्यात अडकली आहे.

हे सूत्र पसरलं त्याला कारण आहे. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक १९६०च्या दशकात डिप्रेशनच्या रुग्णांबरोबर मनोविश्लेषणाच्या पद्धतीने काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण तोंडाने एक बोलत असतो आणि त्याच वेळी त्याच्या मनात दुसरी एक झरझर रांग चालू असते: ‘मी यांना कंटाळा आणतोय’, ‘यांना मी मूर्ख वाटत असणार’. हे विचार न बोलावता येतात, क्षणात जातात, आणि मागे उरते ती फक्त भावना. बेकनी या रांगेवर काम सुरू केलं. त्याच्या थोडं आधी, १९५५पासून, न्यूयॉर्कमध्ये मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस स्वतःच्या अविवेकी समजुतींशी वाद घालायला शिकवत होते. महाराष्ट्रात एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे चांगली रुजली. त्यामुळे आपल्याकडे स्वतःशी वाद घालण्याचा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. वाद घालणं हे पुण्यात वेगळं शिकवावं लागत नाही, हाही एक फायदा! पण बेक काय किंवा एलिस काय, दोघंही रुग्णाला खुर्चीतून उठवून काहीतरी करायला पाठवत असत. बेकच्या उपचारात दिवसाचं वेळापत्रक आणि पायरीपायरीने द्यायची कामं सुरुवातीपासून होती. वहीचं काम घराघरात पोचलं आणि हा दुसरा भाग वाटेतच राहिला.

आता हे चक्र जवळून बघू. उदाहरण तुमच्याच वाटेवरच्या एका मुलाचं आहे. कुणाची ओळख लागू नये म्हणून काही जणांच्या हकिकती त्यात मिसळल्या आहेत. शास्त्री रस्त्यावर अमृततुल्यापाशी हा उभा आहे. समोरून जुना रूममेट येतो, ज्याची पीएसआयची पोस्ट निघाली आहे. तो फोनमध्ये बघत चाललाय. आमचा मुलगा अर्धा चहा तसाच ठेवून शेजारच्या गल्लीत वळतो. रात्री वहीत लिहितो: ‘विचार – त्याने मला बघून न बघितल्यासारखं केलं. भावना – लाज (शंभरपैकी) ८०, राग ३०. शरीर – कान गरम, पोटात गोळा. कृती – रूमवर येऊन झोपलो, संध्याकाळची टेस्ट बुडवली.’

या चार ओळींत बाण किती आहेत बघा. विचारातून लाज आली, हा पहिला आणि सगळ्यांना दिसणारा. पण लाज आल्यावर स्मरणशक्तीही तिच्याच तालावर चालायला लागते. उदास किंवा लाजलेल्या मनाला त्याच रंगाच्या आठवणी चटकन सापडतात. गल्लीतून रूमवर पोचेपर्यंत त्याला आत्याचा टोमणा, दहावीतला एक अपमान आणि मागच्या निकालाचा दिवस असं सगळं आठवून झालं होतं. प्री निघाली तेव्हा याच रूममेटने रात्री अकरा वाजता मस्तानी खाऊ घातली होती, ते मात्र आठवलं नाही. म्हणजे भावनेने विचारांना खाद्य पुरवलं. तिकडे शरीरही गप्प नव्हतं: कान गरम झालेत, म्हणजे चेहरा लाल दिसत असणार, म्हणजे चहावाल्यालासुद्धा कळलं असणार. आपल्याला आत जे जाणवतंय तेच बाहेर पुरावा म्हणून धरायचं, ही चूक आपण सगळेच करतो. भीती वाटते, म्हणजे धोका असणारच. लाज वाटते, म्हणजे काहीतरी लाजिरवाणं घडलेलंच आहे.

सगळ्यात खोडसाळ बाण कृतीचा. गल्लीत वळल्याबरोबर त्याला हायसं वाटलं, अगदी अर्ध्या मिनिटात. मेंदूने नोंद केली: वळलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी पाय आपोआप वळणार. टाळणं हे सावकाराकडून पैसे उचलण्यासारखं आहे: हातात रोकड लगेच पडते आणि व्याज पुढे महिनोन्‌महिने जातं. तो वळल्यामुळे रूममेट खरंच न बोलता पुढे गेला असता की ‘काय रे, चहा एकट्यानेच?’ म्हणाला असता, हे त्याला कधीच कळणार नाही. म्हणजे विचार तपासला जायची वेळच येत नाही. त्यात टेस्ट बुडाली. सकाळी ‘मी मागे पडतोय’ ही नुसती शंका होती, रात्री ती वस्तुस्थिती झाली. चुकीच्या विचारातून केलेली कृती कधीकधी तोच विचार खरा करून दाखवते. वहीत कितीही वाद घाला, रोज नवा पुरावा समोर येऊन पडत असेल तर वही हरणारच.

टाळण्याचे काही प्रकार टाळण्यासारखे दिसत नाहीत. तुम्ही जिन्यापर्यंत जाता असं लिहिलंय. कसे जाता? कानात हेडफोन, नजर फोनमध्ये, तोंडाला मास्क? दुपारी दोनला, जेव्हा निम्मे लोक मेसवर असतात? आत गेलातच तर कोपऱ्यातली, दाराजवळची खुर्ची? ब्रिटिश मानसतज्ज्ञ पॉल साल्कोव्हस्किस यांनी अशा सावधगिरीच्या उपायांकडे १९९०च्या सुमारास लक्ष वेधलं. माणूस प्रसंगात जातो, पण चिलखत घालून जातो. काही वाईट घडलं नाही तर त्याचं श्रेय चिलखताला मिळतं आणि ‘लोक हसतात’ ही समजूत जागच्या जागी राहते. शिवाय मान खाली घालून, कान बंद करून बसलेल्या माणसाशी कुणी बोलायला जात नाही. मग तो म्हणतो, बघा, कुणी बोलत नाही माझ्याशी.

धडधडीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही तिला अपयशाची खूण समजताय. पॅनिकच्या, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या, रुग्णांमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. स्वारगेटहून भरलेली बस, उकाडा, छातीत एक ठोका चुकल्यासारखा वाटतो. ‘अटॅक!’ या एका शब्दासरशी ॲड्रिनलिन वाढतं, ठोके आणखी जोरात पडतात, श्वास भराभर चालतो, भराभर श्वासाने हातापायांना मुंग्या येतात आणि मुंग्या आल्या म्हणजे अटॅकच, अशी खात्री होते. ईसीजी तीनदा नॉर्मल आलेला असतो. मानसतज्ज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६मध्ये हेच चक्र मांडलं: शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो आणि तो अर्थच संवेदना वाढवतो. यावर उपचार म्हणून आम्ही रुग्णाला, हृदयाचा वा दम्याचा त्रास नाही याची खात्री करून, क्लिनिकमध्येच मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावतो, खुर्चीत गरगर फिरवतो. मुंग्या येतात, डोकं गरगरतं, माणूस पडत नाही. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे डॉक्टरांचं वाक्य दहा वेळा ऐकून जे होत नाही, ते बऱ्याचदा त्या एका मिनिटानंतर व्हायला लागतं.

तुमच्या ‘वहीत पटतं पण छातीला पटत नाही’ याचं उत्तर इथे आहे. भीती मेंदूत वाक्याच्या रूपात साठवलेली नसते. ती जागा, वास, जिन्याचा अंधार, खुर्च्या सरकल्याचा आवाज अशा खुणांना चिकटलेली असते. वाक्य वाक्याशी भांडू शकतं, जिन्याशी भांडू शकत नाही. जिन्याला उत्तर जिन्यावरच मिळतं. आणि तिथे नवं शिकलात तरी जुनी भीती पुसली जात नाही. नवा अनुभव तिच्या शेजारी उभा राहतो आणि हळूहळू तिच्यापेक्षा बळकट होतो. म्हणून एकदा जाऊन भागत नाही. सकाळी, संध्याकाळी, गर्दीत, दुसऱ्या अभ्यासिकेत, मित्राबरोबर, एकट्याने असं बदलून बदलून जावं लागतं. मधेच चार दिवस धडधड पुन्हा वाढली तर सगळं मुसळ केरात गेलं असं समजू नका. तसं होतंच.

मग वही टाकून द्यायची का? मुळीच नाही. फक्त तिचं काम बदला. ‘सगळे हसतात’ हे वाक्य तपासता येत नाही. कोण सगळे, कधी, कशावरून? त्यातून असं भाकीत काढा की जे खोटं ठरू शकेल. आपल्या त्या मुलाने लिहिलं होतं: ‘सकाळी आठला हेडफोनशिवाय आत गेलो, तर पहिल्या अर्ध्या तासात किमान तिघं निकालाबद्दल विचारतील. माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. खात्री ९०.’ आणि मग तो गेला. एकाने चार्जर मागितला. दुसरा म्हणाला, ‘कुठे गायब होतास? तुझी खुर्ची मी ढापली.’ तिसऱ्याने मात्र विचारलंच, ‘मेन्सचं काय झालं?’ याने सांगितलं, ‘नाही निघाली.’ तो म्हणाला, ‘माझी पण,’ आणि पुन्हा पॉलिटीच्या नोट्समध्ये डोकं घातलं.

तो माझ्याकडे आला तो नाराज होऊन. भीती ७० होती, ती ५०वरच आली म्हणे. मी भीतीचा आकडा बाजूला ठेवला आणि भाकीत वाचायला लावलं. विचारतील हे एक-तृतीयांश खरं ठरलं. शब्द फुटणार नाही हे साफ खोटं. खात्री ९०वरून ४०वर. प्रयोगाचा निकाल असा वाचायचा असतो. भीती कमी झाली का हा प्रश्न दुय्यम. जे होईल अशी भीती होती ते झालं का, आणि झालं तर निभावलं का, हे बघायचं. भावना सहसा मागून येते, आणि तिला यायला चार-सहा फेऱ्या लागतात. तुम्ही तिला पहिल्याच फेरीत हजेरी मागताय.

आता दोन महिन्यांच्या थांबण्याबद्दल. तुमच्या लिहिण्यात भीतीइतकीच उदासीही दिसते, आणि तिचं चक्र थोडं वेगळं फिरतं. मन लागत नाही म्हणून बाहेर पडत नाही. बाहेर पडत नाही म्हणून दिवसात बरं वाटण्यासारखं काही घडत नाही. घडत नाही म्हणून मन आणखी लागत नाही. ‘मूड आला की सुरू करीन’ हे वाक्य इथे घात करतं, कारण बहुतेक वेळा मूड कृतीच्या मागून येतो. वॉशिंग्टन विद्यापीठात नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६मध्ये सीबीटीचे भाग सुटे करून तपासले. डिप्रेशनमध्ये नुसती कृती वाढवण्याचा भाग पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडला. विचारांवरच भर देणाऱ्या आमच्यासारख्यांच्या डोळ्यांत अंजन घालणारा निष्कर्ष होता तो.

पण कृती म्हणजे ‘उद्यापासून चौदा तास अभ्यास’ नव्हे. भिंतीवर चिकटवलेलं ते रंगीत टाइमटेबल मला मुळीच आवडत नाही. ते दुसऱ्या दिवशी मोडतं आणि ‘माझ्याच्याने काही होत नाही’ला आणखी एक साक्षीदार मिळतो. सुरुवात लाज वाटेल इतकी लहान करा: आठ वाजता अंथरूण गुंडाळायचं, मेसवर जाऊन बसून नाश्ता करायचा, डबा रूमवर आणायचा नाही. आठवड्यातून दोनदा पर्वती चढून यायचं. अभ्यास चाळीस मिनिटं, एकच विषय. प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे लिहा, शून्य ते दहा: किती बरं वाटलं, आणि किती जमल्यासारखं वाटलं. हे दोन वेगळे ठेवा. कपडे धुण्यात मजा शून्य असते, पण जमल्याचे चार गुण मिळतात, आणि उदास माणसाला बऱ्याचदा आधी तेच परत मिळतात. करण्याआधी अंदाजही लिहून ठेवा. ‘पर्वती – २’ असा अंदाज असतो आणि उतरल्यावर ५ लिहिले जातात. हा फरक मीही रोज क्लिनिकमध्ये बघते, तरी मजा वाटते.

एक गैरसमज मात्र राहू देऊ नका. सीबीटी म्हणजे सकाळी ग्रुपवर येणारे सुविचार नव्हेत. तुमचा एखादा विचार खरा असू शकतो. अर्ज प्रचंड, जागा मोजक्या. ‘कदाचित माझं होणार नाही’ हा वेडगळ विचार नाही, तो हिशेब आहे. त्याच्याशी वाद घालू नका, त्यावर निर्णय घ्या: अजून किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, सोबत दुसरं काय. वाद घालायचा तो ‘माझं झालं नाही, म्हणजे मी कशाच्याच लायकीचा नाही’ या उडीशी. दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिलीत तर मधली उडी केवढी आहे ते दिसेल. खोलवर बसलेली ही दुसरी समजूत परीक्षेच्याही आधीची असते बहुधा, आणि तिच्यावरचं काम तुमच्या समुपदेशकांबरोबरच करा. एका उत्तरात ते मावत नाही.

तब्येतीचंही बघा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासून घ्या. झोप किंवा भूक पार बिघडली असेल, किंवा दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास असेल, तर सायकिॲट्रिस्टना भेटा. औषध आणि सीबीटी एकत्र चालतात, त्यात कमीपणा नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी आहे का हे खुशाल विचारा. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं, स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर वही नको, प्रयोग नको, लगेच कुणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं.

राहिला घरचा फोन. मी तो शेवटी ठेवला, कारण इथे बाण तुमच्या डोक्यातून बाहेर पडून लातूरला जाऊन परत येतो. बाबा विचारतात, ‘अभ्यास कसा चाललाय?’ तुम्हाला ऐकू येतं, ‘पैसे कुठे घालवतोस?’ अपराधी वाटतं, तुम्ही फोन उचलत नाही. त्यांना काळजी वाटते, ते दिवसातून तीनदा करतात, मग रूममेटला करतात. ते कळल्यावर तुम्ही म्हणता, ‘यांचा माझ्यावर विश्वासच नाही,’ आणि फोन सायलेंटवर जातो. यात कुणीही वाईट वागलेलं नाही. तरी प्रत्येकाच्या कृतीने दुसऱ्याच्या मनातली शंका पक्की होते आहे.

तर पहिला प्रयोग जिन्याचा नको, फोनचा करा. या रविवारी सकाळी, त्यांचा फोन यायच्या आधी, आपण लावा. आधी वहीत भाकीत लिहा, खात्रीच्या आकड्यासकट: बाबा रागावतील, पैशाचं काढतील, जे वाटत असेल ते. मग एवढंच बोला: ‘बाबा, मध्ये फोन उचलत नव्हतो, कारण मेन्स निघाली नाही हे सांगायला जड जात होतं. सध्या बरं वाटत नाहीये, एका मॅडमकडे जातोय. रोज विचारू नका, दर रविवारी मी स्वतः करीन.’ समुपदेशक सर असतील तर सर म्हणा. फोन ठेवल्यावर काय घडलं ते त्यांच्या शब्दांत लिहा, तुमच्या अर्थात नको, आणि ते पान पुढच्या भेटीला घेऊन जा. जिन्याची तारीख त्यानंतर ठरवा.